डॉक्टर नसताना आई-लेकरांच्या आरोग्यात करिअर होतं का?

तुम्ही विचारलंय की बीएस्सी झालंय, डॉक्टर नाही, गाव गेवराईकडचं, तर आई-लेकरांच्या आरोग्यात नोकरी मिळेल का आणि कोणता कोर्स करू. मिळते. मी समाजकार्य शिकले आणि बीड जिल्ह्यात कुपोषणावर काम करते, म्हणून कोर्सच्या आधी कामच काय असतं ते सांगते.

आपल्याकडं आरोग्याचं वेळापत्रक ऊस ठरवतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघाल्या की लेकरू गावातल्या अंगणवाडीच्या रजिस्टरवर राहतं आणि स्वतः पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत असतं, लसीचं कार्ड बऱ्याचदा आजीच्या पेटीत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला म्हणजे लेकरू तीव्र कुपोषित, गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण 14 दिवस ठेवावं लागतं, पण आई म्हणते कशी राहू, कारण मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक बसलं की दोघांचं काम बंद. इथं औषध कामाचं नाही हो, मुकादमाशी, सासूशी, नवऱ्याशी बोलणारं माणूस लागतं, आणि निघायच्या आधीच यादी करून कार्ड आईच्या हातात देणारं, तिकडच्या आशाताईला फोन लावणारं. मला विचाराल तर हेच खरं सार्वजनिक आरोग्य.

आता नोकरीचं. तुम्ही बाई असाल तर पदवीवर अंगणवाडीच्या मुख्यसेविकेची परीक्षा आहे, माझ्या मते सगळ्यात जास्त बदल त्या खुर्चीतून होतो कारण चांगली मुख्यसेविका असली की पूर्ण बीटातल्या, म्हणजे तिच्या हाताखालच्या सगळ्या अंगणवाड्यांतल्या ताया नेटानं वजनं घेतात. उपकेंद्रावरच्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) बीएएमएस किंवा नर्सिंग लागतं, लेकरांची तपासणी करत फिरणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीवर आयुषचे डॉक्टर, सिस्टर आणि फार्मासिस्ट असतात, म्हणजे साध्या बीएस्सीला तिथं जागा नाही. पुढं शिकायचं तर एमएसडब्ल्यू (समाजकार्य) किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्य). तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचं केंद्र आहे, पण त्यांचं एमपीएच मुंबईला आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी, पगार उशिरा होतात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

पण अ‍ॅडमिशनच्या आधी जामखेडला एकदा जाऊन या, बीडपासून लांब नाही. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं आणि गावातल्या कमी शिकलेल्या, कित्येक निरक्षर बायांना आरोग्य कार्यकर्त्या केलं, बाळंतपण, जुलाब, लसी, सगळं त्या बघायच्या. आणि कुपोषणासाठी राज्यानं 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन काढलं तेही औरंगाबादहूनच सुरू झालं, म्हणजे आपला भाग फक्त मागास म्हणून सांगायचा नाही, इथून राज्य शिकलंय.

तर दसऱ्याच्या आधी तुमच्या गावच्या अंगणवाडीताईला भेटा, म्हणा ताई, यंदा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी करायला मी येते, किंवा येतो. सहा वर्षांखालची लेकरं, गरोदर बाया, कुठल्या कारखान्याला चाललेत, मुकादमाचा नंबर. ते करून मग मला इथंच विचारा कोणता कोर्स, तेव्हा तुमचं अर्धं उत्तर तुमच्याकडंच असेल आणि उरलेलं मी नीट सांगेन.