शनिवारची गोळी स्ट्रिपमध्येच राहते

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत, आठ महिन्यांपूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. तीन महिने दारू अजिबात घेतली नाही, आता परत दर शनिवारी मित्रांबरोबर बसतात. म्हणतात थोडी व्हिस्की घेतली की नसा मोकळ्या होतात, आणि डॉक्टरांनी कुठे नको म्हटलंय. डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा हे नुसतं 'कधीतरी' म्हणाले. अजून एक, शनिवारी रात्रीची कॅप्सूल स्ट्रिपमध्ये तशीच दिसते, दारूवर गोळी घेतली तर रिअ‍ॅक्शन येते म्हणे. काय करू?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, तुम्ही ती स्ट्रिप बघितलीत हे फार बरं केलंत, कारण मला दारूइतकीच, आत्ता तर दारूपेक्षा जास्त, काळजी त्या राहिलेल्या कॅप्सूलची वाटते. रात्रीच्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दोन औषधं आणि सोबत कोलेस्टेरॉलचं औषध असतं (स्ट्रिपच्या मागे नावं बघून घ्या). स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून अटॅकनंतर साधारण वर्षभर ही दोन्ही औषधं रोज लागतात. ती चुकवत गेलं तर स्टेंट अचानक बंद पडून दुसरा अटॅक येऊ शकतो. म्हणून त्यांना सांगा, प्यायले असतील तरी ती कॅप्सूल मनाने बंद करायची नाही. दारूबरोबर या औषधांनी पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो हे खरंय, पण त्यावर उपाय दारू थांबवणं हा आहे, गोळी थांबवणं नाही.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी दिली असेल तर अजून जपा. दारू आणि ती गोळी दोन्हींनी बीपी उतरतं, माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतो.

आता नसा मोकळ्या होण्याचं. प्यायल्यावर चेहरा लाल होतो, अंग गरम वाटतं, कारण कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात. हृदयाच्या नळीतला ब्लॉक चरबीचा आणि कॅल्शियमचा असतो, तो व्हिस्कीने विरघळत नाही. थोडी दारू हृदयाला चांगली हे आपण इतकी वर्षं ऐकलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे जुन्या पाहण्यांमध्ये 'न पिणारे' म्हणून जे मोजले त्यात आजारपणामुळे दारू सोडलेले लोक पण होते, मग त्यांच्यापुढे थोडी पिणारे ठणठणीत दिसणारच ना. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं प्रमाणच नाही. मिस्टरांना माझा सल्लाही तोच, पूर्ण बंद.

आणि ते 'कधीतरी'. ओपीडीत हा शब्द मी रोज ऐकतो, आणि आम्ही डॉक्टरही गर्दीत पुढचा प्रश्न विचारत नाही, ही आमची चूक आहे, ती मी मान्य करतो. पण 'कधीतरी' वरून औषधं ठरत नाहीत. घरी खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण असेल ना, मिस्टर ग्लासात नेहमी ओततात तेवढंच पाणी त्यांनाच ओतायला लावा आणि त्या झाकणाने मोजा. व्हिस्कीच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, 'दोन बोटं' म्हणून ओतलेलं कितीतरी वेळा ९० मिली निघतं. बिअर हलकी समजू नका, ८ टक्केवाली ६५० मिलीची एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार छोटे पेग. हा आकडा चिठ्ठीवर लिहा, खाली 'शनिवारी कॅप्सूल घेत नाहीत' हेही लिहा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या हातात द्या. मुलांसमोर बोलायला मिस्टरांना लाज वाटत असेल तर तुम्ही दोघंच आत जा.

प्रश्न : वय ६१, हृदयाचे ठोके अनियमित पडतात (एएफ). रोज एक ग्लास रेड वाईन चालेल का?

उत्तर : नाही काका, एएफमध्ये तर नकोच. ऑस्ट्रेलियात १४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला, त्यात दारू सोडायला सांगितलेल्या गटात ५३ टक्क्यांना एएफ परत झाला, पीत राहिलेल्यांत ७३ टक्क्यांना. अ‍ॅसिट्रॉम (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर वाईनने आयएनआरही (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतो.

प्रश्न : भाऊ रोज क्वार्टर घेतो, त्याचं हृदय मोठं झालंय. उद्यापासून एकदम बंद करायला लावू का?

उत्तर : बंद करायचीच आहे, पण घरच्या घरी एकदम नको. रोज पिणाऱ्याची अचानक थांबवली तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, भ्रम होतो, आणि अशक्त हृदयाला ते झेपत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, चार-पाच दिवस औषधं देऊन, गरज पडली तर अ‍ॅडमिट करून, सुरक्षित सोडवता येते. दारूमुळेच हृदय मोठं झालं असेल तर सोडल्यावर बऱ्याच जणांचं पंपिंग सुधारतं, हे त्याला नक्की सांगा. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाईन फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं, पहिला फोन तुम्ही केलात तरी चालतो.