मुक्या पिक्चरात पेटी कोण वाजवते?

प्रश्न : भाऊ, आमी मंडईच्या, म्हंजे आमच्याकडल्या गावजत्रेच्या, रातीले सकाळवरी नाटक पायणारे लोक. परवा पोरानं मोबाईलवर जुना फ्रेंच पिक्चर लावून देल्ला, राजा एका सरदाराले महालात बोलावून मारते, बोलत कोनीच नाही पन मागं पेटी अशी बरोब्बर वाजते का विचारू नका. हे म्युझिक आता चिकटवलं का? कॅमेरा जागचा हलत काऊन नाही? आन् राजाले पुढं काही झालं का नाही? – एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : भाऊ, वर्णनावरून हा 1908 चा ‘ड्यूक द गीझची हत्या’ दिसतो, ड्यूक म्हणजे तुमचा तो सरदार. पिक्चर मुका, म्हणून आवाजाचं रेकॉर्डिंग मागूनच जोडलेलं, पण पेटी ऐकू आली म्हणता तर म्युझिक तेव्हाचंच, कामीय सँ-साँस नावाच्या तेव्हाच्या बड्या संगीतकारानं खास ह्याच पिक्चरसाठी लिहिलेलं असणार, वय तेव्हा 73, आणि वाद्यांत तंतुवाद्यं, पियानो आणि चक्क हार्मोनियम! (तशी पेटी मूळची पॅरिसचीच, 1840 च्या दशकातली, आपण उगाच आपली समजतो.) पिक्चर 17 नोव्हेंबर 1908 ला पॅरिसात पहिल्यांदा दाखवला तेव्हा वादक समोर बसून वाजवत होते, म्हणजे तुमच्या नाटकात स्टेजसमोर बसतात तसेच.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर तो प्रेक्षकाच्या खुर्चीत बसवलाय असं समजा. तेव्हा सिनेमा म्हणजे जत्रेतल्या तंबूतली गंमत, शिकलेले लोक नाक मुरडायचे, म्हणून ‘फिल्म द’आर’ नावाच्या कंपनीनं कॉमेदी-फ्रान्सेज ह्या नामी नाटक कंपनीतले नटच आणले. राजा झालेला ल बार्जी हा एक डायरेक्टरपण होता, दुसरा आंद्रे काल्मेत. आता नाटकवाले म्हटल्यावर हातवारे लय करतील असं वाटते ना, पण राजाकडं नीट बघा, मारेकऱ्यांना कामाला लावून स्वतः लपून बसते आणि सरदार मेल्याची खात्री झाल्यावरच पुढं येते, ते भेकडपण त्यानं न ओरडता दाखवलंय, मला तर सगळ्या पिक्चरात तेच आवडलं. ड्यूकचा माज पण तसाच, जाऊ नको म्हणून चिठ्ठी आली तर त्यावरच लिहितो, त्याची (राजाची) हिंमत होणार नाही!

ही खरी घडलेली गोष्ट आहे, फ्रान्सातल्या ब्लुआच्या किल्ल्यात, 23 डिसेंबर 1588. पॅरिसात राजापेक्षा ड्यूकचा वट जास्त झाला होता, त्याच वर्षी मे महिन्यात राजाला शहर सोडून पळावं लागलं होतं, तो राग. आपल्याकडं शनिवारवाड्यात नारायणरावांना पहाऱ्यावरच्या गारद्यांनीच मारलं, इथं राजाच्या अंगरक्षकांनी काम केलं.

राजाला शिक्षा कोण देणार, तोच राजा. पण वर्ष पुरं व्हायच्या आत, ऑगस्ट 1589 मध्ये, निरोप घेऊन आलोय म्हणत एक साधू जवळ गेला आणि त्यानं राजाच्या पोटात सुरा घातला.