‘पेटंट निघेल’ म्हणून फी भरू नका

प्रश्न : मुलीला बारावीला पीसीबीत ८१ टक्के. नीट दोनदा दिली, एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजी आहे, फी वर्षाला २ लाख ४० हजार. त्यांच्या विद्यार्थ्यांची ३८ पेटंट्स आहेत असं माहितीपुस्तकात छापलंय. कॅन्सरच्या नॅनो औषधाचं एक पेटंट जरी तिच्या नावावर झालं तरी जन्माचं कल्याण होईल. ती मात्र बी.फार्म.चा हट्ट धरून बसली आहे. सुट्टीत मामाच्या मेडिकलमध्ये बसून औषधांच्या खोक्यांतली पत्रकं वाचत असते, त्याचा हा परिणाम. दुकान टाकण्यासाठी आम्ही एवढा खर्च केला नाही. तिची समजूत कशी घालावी? — एक पालक, जि. जळगाव

उत्तर : समजूत घालायचं काम माझ्याकडून होणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

मार्कांची मला काळजी वाटली नाही. ८१ टक्के चांगले आहेत. दोनदा नीट देऊन मुलगी घरी बसली, ती दोन वर्षं तिला कशी गेली, याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही, त्याची मात्र वाटली. डॉक्टर नाही तर निदान पेटंट! नातेवाइकांत सांगायला काहीतरी मोठं हवं, एवढंच मला त्यात दिसलं. राग येईल तुम्हाला, येऊ दे. आणि पत्रकं वाचण्याचा उल्लेख तुम्ही तक्रार म्हणून केलाय. त्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत औषधात काय काय मिसळलंय, ते शरीरात किती वेळ टिकतं, कुणाला देऊ नये, हे सगळं असतं. कुणी न सांगता ते वाचत बसणारी मुलगी माझ्याकडे फार क्वचित येते.

आता ती ३८ पेटंट्स. माहितीपुस्तक पुन्हा उघडा आणि ‘पब्लिश्ड’ लिहिलंय की ‘ग्रँटेड’, ते पाहा. आपल्याकडे पेटंटचा अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप छापला जातो, जास्तीची फी भरली तर लवकरही. छापला म्हणजे मंजूर झाला असं नाही. तेव्हा तो कुणी तपासलेलासुद्धा नसतो. तपासणीसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, मग आक्षेप, मग उत्तरं. २०२१पासून शिक्षणसंस्थांना या फीत ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे अर्ज टाकणं स्वस्त झालंय आणि जाहिरातीत आकडा भरघोस दिसतो. पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर ‘इनपास’ नावाचा शोध आहे, फुकट आहे. विद्यापीठाचं नाव टाका, एकेका अर्जाची स्थिती बघा. नॅनो औषधांच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या औषधांच्या बाबतीत तर आपला पेटंट कायदा आणखी कडक. कलम ३(ड)च्या स्पष्टीकरणात ‘कणांचा आकार’ हे शब्दच लिहिलेले आहेत: जुन्या औषधाचे कण नुसते बारीक केले म्हणून पेटंट मिळत नाही, गुण लक्षणीय वाढला हे दाखवावं लागतं. याच कलमावर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयात नोव्हार्टिस ही स्विस औषध कंपनी हरली.

बरं, धरून चालू की पेटंट मिळालं. पुढे काय? तुम्ही कॅन्सरचं म्हणालात म्हणून डॉक्सिल या नॅनो औषधाचं उदाहरण घ्या. डॉक्सोरुबिसिन हे जुनं औषध, गुणकारी पण हृदयाला घातक. जेरुसलेममधल्या बारेनहोल्झ आणि गॅबिझोन या शास्त्रज्ञांच्या कामातून ते मेदाच्या अतिसूक्ष्म पोकळ कणांत भरलं गेलं. तेच डॉक्सिल. कण साधारण १०० नॅनोमीटरचे. अमेरिकेत १९९५मध्ये मान्यता मिळाली. पुढे २०१२च्या सुमाराला तिथे डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करावं लागलं. आणि डॉक्सिलचं अमेरिकेतलं पहिलं जेनेरिक (म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं), तेही सनचंच, २०१३मध्ये मंजूर झालं. मूळ पेटंटांची मुदत तोवर संपलेली होती, तरी दुसरं कुणी आधी पोचलं नव्हतं. कारण पेटंट वाचून ते कण बनत नाहीत. प्रत्येक बॅचमध्ये आकार तोच, आत औषध तेवढंच, बाटलीत गळती नाही, हे जमवणारी माणसं लागतात. त्यांना फॉर्म्युलेशनची माणसं म्हणतात आणि त्यांतली बरीचशी बी.फार्म., एम.फार्म. केलेली असतात!

म्हणजे तुमची मुलगी तुमच्याच स्वप्नाच्या रस्त्यावर उभी आहे. रॉयल्टीचं मात्र मनातून काढा. नोकरीत केलेल्या शोधाचं पेटंट सहसा कंपनीच्या मालकीचं असतं, संशोधक म्हणून नाव तेवढं लागतं. मोठ्या पेटंटांचं पुढे काय होतं तेही बघा: कोविड लशीतल्या मेदकणांवरून आर्बुटस या औषध कंपनीने लस बनवणाऱ्या मॉडर्नाला २०२२मध्ये अमेरिकेत डेलावेअरच्या कोर्टात खेचलं. तिथे वकिलांच्या फौजा लागतात.

रस्ता सरळ आहे. एमएचटी-सीईटी, बी.फार्म., मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्मास्युटिक्समध्ये, म्हणजे औषध बनवण्याच्या शास्त्रात, एम.फार्म.; नायपर ही औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था किंवा मुंबईत माटुंग्याची आयसीटी मिळाली तर उत्तमच. पेटंटचीच गोडी लागली तर विज्ञान शाखेच्या पदवीवर पेटंट एजंटची, म्हणजे दुसऱ्यांचे पेटंटचे अर्ज करून देणाऱ्याची, परीक्षा देता येते, त्याला वकिली लागत नाही. नॅनोटेक्नॉलॉजी वाईट विषय नाही, पण तो एम.एस्सी.ला, पाया पक्का झाल्यावर घ्यावा. आणि हो, बी.फार्म.वर दुकानही टाकता येतं. मामांचं चाललंय ना?

विद्यापीठाने जागा अडवायला पैसे मागितले असतील तर आत्ता भरू नका. फी परत कधी आणि किती मिळते, ते आधी लेखी मागा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. टाकण्यापूर्वी तुम्ही वाचायचं नाही.