कोलायटिस एकच, मग कुणाचा सौम्य आणि कुणाचा गंभीर का?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरीला. संडासवाटे रक्त जायला लागलं तेव्हा आम्ही मूळव्याध समजून दोन महिने घरचेच उपाय करत बसलो. मग दुर्बीण घातली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. रिपोर्टवर ‘डावी बाजू, मेयो २’ असं आहे. दिवसातून चारेक वेळा जावं लागतं, थोडं रक्त असतं. डॉक्टर म्हणतात मध्यम आहे, घाबरू नका. पण माझ्या नणंदेच्या मुलाला हाच आजार होता आणि त्याचं अख्खं मोठं आतडं काढावं लागलं. याचंही तसंच होणार का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी ते मूळव्याधीचं मनातून काढून टाका, रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला संशय मूळव्याधीवरच जातो, मग आवेवर, आणि यात दोन-चार महिने जातातच, तुमचं काही वेगळं झालेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. हा आजार, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला येणारी सूज, दोन वेगळ्या बाजूंनी मोजतात आणि घरी आल्यावर त्या दोन्हींची सरमिसळ होते. एक म्हणजे सूज कुठपर्यंत गेलीय. ती गुदाशयापासून सुरू होते आणि तिथून सलग वर जाते, कुणाची गुदाशयातच थांबते, कुणाची डाव्या बाजूने प्लीहेजवळच्या वळणापर्यंत जाते, कुणाची त्याच्याही पुढे. ‘डावी बाजू’ म्हणजे हे. दुसरी बाजू म्हणजे ती सूज आत्ता किती जोरात आहे. ‘मेयो २’ हे त्याचं, दुर्बिणीतून अस्तर कसं दिसलं त्याला ० ते ३ मार्क असतात, ० म्हणजे शांत, १ म्हणजे थोडं लालसर, २ म्हणजे चांगलंच लाल, रक्तवाहिन्यांची नक्षी दिसत नाही आणि वरवर सोललेलं, आणि ३ म्हणजे उघड्या जखमा आणि नुसतंच रक्त वाहतंय. म्हणजे तो २ हा आकडा त्या दिवसाचा आहे, मुलाच्या नशिबाचा नाही. औषध नीट लागू पडलं तर पुढच्या दुर्बिणीत तिथे ० सुद्धा दिसू शकतो, आणि औषध सोडलं तर ३ पण.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता, अगदी शाळकरी वयापासून. २००७ मधे त्याच्यामुळे जेमतेम वर्षभरात पद सोडावं लागलं. २०१२ च्या डिसेंबरमधे ते परत पंतप्रधान झाले आणि सात वर्षांहून जास्त काळ देश चालवला, मग २०२० च्या ऑगस्टमधे आजार उसळला म्हणून परत राजीनामा जाहीर केला. माणूस एकच, आतडं एकच, आणि मधे इतकी वर्षं धडाक्यात काम. मग दोन वेगळ्या मुलांचं सारखंच होईल असं कसं म्हणायचं?

तुमच्या भाच्याचं आतडं काढलं तेव्हा बहुतेक एकतर अटॅक इतका जोराचा असेल की शिरेतून दिलेली औषधंही लागू पडली नाहीत, किंवा वर्षानुवर्षं कशानेच आराम नसेल. तुमच्या मुलाचं चित्र आज तसं नाही. पण अजिबात धोका नाही असं मी खोटं सांगणार नाही. कमी वयात सुरू झालेला, पूर्ण आतडंभर पसरलेला, खोल जखमा असलेला आणि पुन्हापुन्हा स्टेरॉइड लागणारा कोलायटिस, यांच्यावर आम्ही जास्त डोळा ठेवतो. वर्षातून दोनदा स्टेरॉइडचा कोर्स करायची वेळ आली तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा की आता औषधाची पुढची पायरी घ्यायची का.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. रक्त थांबलं, वजन वाढलं, की पोरं मेसालामीन, म्हणजे ही सूज दाबून ठेवणारं रोजचं औषध, बंद करतात, रूमवर राहणारी तर हमखास. आजार परत उसळण्याचं हे फार मोठं कारण आहे. दुसरं म्हणजे डोकं दुखलं, कंबर धरली की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणं, त्यानेही उसळू शकतो, लागलीच तर पॅरासिटामॉल घ्यायची. बरं वाटतंय पण आत काय चाललंय हे बघायला दर वेळी दुर्बीण लागत नाही, शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट असते, तिच्यावरून चांगला अंदाज येतो. मात्र आजाराला ८ वर्षं झाली की कॅन्सरच्या दृष्टीने कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण, करायचीच, तब्येत ठणठणीत असली तरी.

प्रश्न : माझा कोलायटिस फक्त गुदाशयात आहे, डॉक्टर म्हणाले ‘लहान भागात आहे’. मग मला दिवसात दहा वेळा का पळावं लागतं? लोकलने जातो, मधेच उतरावं लागतं. ऑफिसात वाटतं मी नाटक करतो. – एक वाचक, ठाणे

उत्तर : भाग लहान म्हणजे त्रास लहान असं कुणीच समजू नये. गुदाशयाचं कामच धरून ठेवण्याचं, आणि तिथेच सूज आली की ते धरत नाही, घाई होते, कुंथावं लागतं आणि जाऊन बघावं तर नुसतं रक्त आणि शेम. वरच्या भागात मात्र कधीकधी चक्क मलावरोध असतो! म्हणून तुमचे दहा वेळा आणि पूर्ण आतडं सुजलेल्या माणसाचे दहा वेळा सारखे नाहीत, तुमच्यात ताप, अशक्तपणा, हिमोग्लोबिन एकदम घसरणं असं सहसा होत नाही. पण हाल खरे आहेत आणि ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, रात्री उठावं लागतं का हेही.

तुम्ही पोटातून गोळ्या घेताय असं धरते. या जागेच्या सुजेला मेसालामीनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून सरकवायची वडी, नुसत्या गोळ्यांपेक्षा जास्त चांगली लागू पडते कारण औषध थेट तिथेच पोचतं. लाजेपायी किती जण ती ड्रॉवरमधेच ठेवतात, मला फार वाईट वाटतं. रात्री झोपताना लावा, आधी जाऊन या. काहींचा आजार पुढे वर सरकतो, त्यामुळे ‘छोटा आहे’ म्हणून फॉलोअप सोडू नका. ऑफिससाठी डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्या, त्यात संकोच कसला.

प्रश्न : मी हॉस्टेलवर राहते, मलाही हाच आजार आहे. सौम्यचं गंभीर झालं हे कळणार कसं? रात्री-अपरात्री कधी निघायचं? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी १९५५ मधे एक मोजपट्टी दिली, आम्ही आजही तीच वापरतो. दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्ताचं संडास, आणि सोबत यातलं एक जरी असेल : १०० च्या वर ताप, ९० च्या वर नाडी, १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन, ३० च्या वर ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी). म्हणजे गंभीर अटॅक, ॲडमिट व्हायचं. आपल्याकडे मुलींचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं म्हणून तुझा नेहमीचा आकडा मोबाइलमधे लिहून ठेव, तरच घसरला का ते कळेल. थर्मामीटर रूमवर हवाच.

सहा वेळा रक्त झालं आणि अंग तापलं की सकाळची वाट बघू नकोस. पोट फुगलं, दुखणं वाढलं तर आकडे मोजत पण बसू नकोस. जुलाब थांबवायची लोपेरामाइड अशा वेळी अजिबात घ्यायची नाही, आतडं फुगून बसण्याचा धोका असतो. हॉस्पिटलमधे शिरेतून स्टेरॉइड देतात, इन्फेक्शनसाठी शौचाची तपासणी करतात, आणि रक्त जात असूनही गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिनचं इंजेक्शन देतात, ते ऐकून दचकू नकोस. साधारण तिसऱ्या दिवशी बघतात की उतार पडतोय का, नसेल तर इन्फ्लिक्सिमॅबसारखं पुढचं औषध की सर्जरी हे ठरवतात. पुढच्या औषधाआधी टीबीची तपासणी लागते, दबलेला टीबी त्याने जागा होऊ शकतो.

जाताना रूममेटला सोबत घे, जुनी फाइल घे आणि कॅज्युअल्टीत ‘जुलाब होतायत’ एवढंच सांगू नकोस, ‘मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि आज इतक्या वेळा रक्त गेलं’ असं सांग.