योकोहामाचं निप्पॉन मारू हे जुनं शिडाचं जहाज बघायला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

साकुरागिचो स्टेशनला उतर, तिथून पाचेक मिनिटं चालत. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख बघून जा, वर्षातून मोजक्याच दिवशी सगळी शिडं उघडतात, २९ च्या २९, आणि ते काम व्हॉलंटिअर लोक स्वतः डोलकाठीवर चढून करतात, तास-दीड तास लागतो, तो दिवस मिळाला तर बाकीचे प्लॅन सोड. सोमवारी शक्यतो नको, बंद असतं.

आत गेल्यावर घाई करू नकोस रे. जहाज १९३० चं, कोबेला बांधलेलं, १९८४ पर्यंत चाललं आणि साधारण ११,५०० कॅडेट, म्हणजे जहाजावरचं काम शिकणारी मुलं, यावर शिकून गेले. त्यांच्या खोल्या बघ, केवढ्याशा जागेत आठ-आठ जण राहायचे ते कळतं, कॅप्टनची खोली मात्र एकदम ऐसपैस! दुसऱ्या महायुद्धात याची शिडं आणि आडव्या काठ्या काढून टाकल्या होत्या, युद्धानंतर परदेशात अडकलेल्या जपानी लोकांना घरी आणायचं काम यानं केलं, शिडं परत चढली १९५२ ला. हे डोक्यात ठेवून वर डोलकाठीकडे बघ, वेगळंच वाटतं.

आणि हो, डेकचं सागवान अर्ध्या कापलेल्या नारळानं घासायची पद्धत आहे, कॅडेट अनवाणी ओळीत बसून घासायचे. आपल्या कोकणातल्या माणसाला हे ऐकून फार जवळचं वाटेल, मला तरी वाटलं.

शेजारचं म्युझियम नंतर कर, आधी जहाज.