मित्राबरोबर सैन्यात जायचंय. दोघांना एकाच पलटणीत ठेवतील का? आई म्हणते, त्यानंच तुला नादी लावलं.

तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. आमच्या घरात तेच चालायचं.

पलटण मागून मिळत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीत निवड झाली तर बेळगावला ट्रेनिंग एकत्र होईलही, पुढचं सैन्य ठरवतं.

माझे काका आणि शेजारचा त्यांचा मित्र एकाच दिवशी भरती झाले. सोलापूरच्या बाळीवेशीत दोन घरांना मिळून एक भिंत, तिच्यात ये-जा करायला दिंडी. 1971 च्या युद्धात, डिसेंबरात, पूर्व आघाडीवर दोघंही कामी आले. ढाका पडायला आठवडाही नव्हता. तारा दोन दिवसांच्या अंतरानं आल्या. महिन्याभरात गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा. आजी आणि मित्राची आई दरवर्षी यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज बघायला एकाच ओट्यावर उभ्या राहायच्या. त्या संक्रांतीला आजी माडीवरून उतरलीच नाही. 'तिच्या पोरानं माझं पोर नेलं,' एवढंच. दिंडी विटांनी बुजवली.

1998 ला आजी गेली, तेव्हा ट्रंक उपसली. तळाशी काकांनी भरतीच्या आठवड्यात माझ्या वडिलांना लिहिलेलं आंतर्देशीय : 'त्याचं वजन भरत नव्हतं, परत निघाला होता. मी डझनभर केळी चारली, वर तांब्याभर पाणी. भरला एकदाचा. घरी बोलू नको.'

वडील बोलले नाहीत. सत्तावीस वर्षं त्या माउलीला शिव्याशाप ऐकू दिले. यावरून आमचं आजही वाजतं. ते म्हणतात, आईला सांगून काय मिळणार होतं? अहो, पलीकडच्या आईला मिळालं असतं की!

एकत्र ठेवायचा प्रयोग ब्रिटननं पहिल्या महायुद्धात, 1914 ला केला, एका गावचे सोबती एकाच बटालियनमध्ये. इंग्लंडमधलं ॲक्रिंग्टन आपल्या सोलापूरसारखंच कापडगिरण्यांचं गाव. 1 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तिथल्या पलटणीचे सुमारे 700 जण पुढं सरकले. अर्ध्या तासात 580 वर मेले, जखमी किंवा बेपत्ता. गल्लीच्या गल्लीत एकदम रडारड. त्यापेक्षा वेगळे पडलात तर बरंच.

जा खुशाल. पण भरतीचं आधी कोणाच्या डोक्यात आलं, ते दोन्ही आयांना समोर बसवून सांगा. तुमच्याच आलं असेल तरीही.

मी स्वतः फौजेत नव्हतो. 2022 पासून अग्निपथची चार वर्षांची भरती आहे, त्यामुळे नेमणुकीचं भरती कार्यालयातच विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.