दयाळ पक्ष्यासाठी घरट्याची पेटी लावताय ना?

पेटी बाजारातून आणू नका, जुन्या फळीची घरीच ठोका. आतून रंग, व्हार्निश काही लावू नका. चिमणीला साडेतीन सेंटीमीटरचं भोक पुरतं, दयाळाला मात्र पाचेक सेंटीमीटर हवं. भोकाखाली बसायला काठी अजिबात नको! पक्ष्याला तिची गरज नसते, कावळ्या-मांजराची मात्र सोय होते. तळाला चार बारीक छिद्रं पाडा, पाणी निथळतं. तोंड पश्चिमेला नको, दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही तिकडूनच येतात.

फेब्रुवारीतच टांगा. मार्चपासून नर पहाटे उंच टोकावर बसून गायला लागतो, ते ऐकण्यासाठी मी अजूनही साडेपाचला उठतो. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही तरी पेटी हलवू नका. बुलबुल, शिंजीर, शिंपी हे पक्षी पेटीत येतच नाहीत, त्यांना झुडपं हवीत.

अंडी एकटी मादी उबवते, साधारण बारा-तेरा दिवस. त्या काळात झाकण उघडून बघायचा मोह आवरा, फोटोसाठी तर मुळीच नको. लांब खुर्ची टाकून दुर्बीण घ्या. पिल्लं झाली की दोघं चोचीत अळ्या घेऊन सारखी ये-जा करतात. म्हणूनच बागेत कीटकनाशक फवारू नका, पालापाचोळाही झाडाखाली राहू द्या.